रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर घेताना

गाणं, भजन, जिंगल, पॉडकास्ट, काहीही घरी रेकॉर्ड करायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, ‘आय-फाइव्ह चालेल की आय-सेव्हनच लागेल?’ हे दोन्ही इंटेलचे प्रोसेसर. त्याचं उत्तर पुढे आहेच. त्याआधी हे मशिन नक्की कोणतं काम करणार आहे ते पाहू.

आवाज कॉम्प्युटरमध्ये सलग धारेने शिरत नाही, घोटाघोटाने शिरतो. एका घोटात किती सँपल (आवाजाची क्षणोक्षणी घेतलेली मापं) घ्यायचे ते बफर ठरवतो. बफर १२८ आणि सँपल रेट (सेकंदाला किती सँपल) ४८,००० असेल तर एक घोट २.७ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात त्यावर सगळे इफेक्ट लावून मशिनला मोकळं व्हावं लागतं, कारण तोवर पुढचा घोट आलेला असतो. तासाभरात एकदा जरी ते अडखळलं तरी ‘टक्’ ऐकू येतं. नेमकी चांगली तान चालू असताना ते आलं, तर तो टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) गेला.

बफर वाढवला की मशिनला सवड मिळते, पण गाणाऱ्याची पंचाईत होते. ५१२ वर आत जायला सुमारे १०.७ आणि बाहेर यायला तेवढेच, म्हणजे ड्रायव्हरचा (आवाजाचं उपकरण कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेळ न धरताही २१ मिलिसेकंद उशीर. आवाज हवेतून तेवढ्या वेळात सात मीटर जातो. तबलजीला हेडफोनमध्ये स्वतःचीच थाप खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखी वाटते आणि हात जड पडतो. म्हणून रेकॉर्डिंग ६४ किंवा १२८ वर करा. मिक्सिंगला (ट्रॅक एकत्र जुळवायला) बसलात की ५१२ किंवा १०२४ वर जा, तेव्हा उशिराने काही अडत नाही. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर गाताना तेच वापरा. त्यात आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाताच कानाशी येतो. मात्र मग सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल.

आता प्रोसेसर. एका ट्रॅकवर ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असे पाच प्लगइन (इफेक्टची छोटी सॉफ्टवेअर) लावले तर ते एकामागून एकच चालतात, त्यामुळे ती साखळी बहुधा एकाच कोअरच्या (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागाच्या) गळ्यात पडते. म्हणून कोअरची संख्या मोजण्याआधी एका कोअरचा वेग पाहा. नव्या पिढीचा आय-फाइव्ह जुन्या आय-सेव्हनपेक्षा इथे सरस ठरू शकतो. लॅपटॉप घेताना इंटेलच्या नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॉटचा, बॅटरी वाचवणारा. ‘एच’ म्हणजे साधारण ४५ वॉटचा, जास्त ताकदीचा. दोन-तीन ट्रॅकच्या पॉडकास्टला ‘यू’ पुरतो.

‘एच’वाल्याची अडचण पंख्याची. एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या बंद फ्लॅटमध्ये रेकॉर्डिंग चालू आहे असं समजा. कंडेन्सर माइक सगळं टिपतो म्हणून एसी आणि छताचा पंखा बंद. वीस मिनिटांत खोली तापते, लॅपटॉप तापतो, त्याचा पंखा भरधाव सुटतो आणि बंदिशीच्या शांत जागी ‘हूऽऽ’ ऐकू येतं. पंख्यालाही आवरलं नाही तर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि टक्-टक् सुरू. लॅपटॉप माइकपासून किमान सहा फूट लांब, माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर नको, खालून हवा जायला हवी. एम-वन आणि त्यानंतरच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नाही. मात्र जड मिक्स बराच वेळ चालला की तोही मंदावतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी लॉजिक प्रो मॅकवर चालतं, विंडोजवर नाही. रीपर दोन्हीकडे.

रॅम १६ जीबी घ्या. तानपुरा, तबला, स्ट्रिंग्स सँपल लायब्ररीतून (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या साठ्यातून) वाजवणार असाल तर ३२. मॅकबुकची रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढत नाही, तेव्हा विचार घेतानाच करा.

डिस्कबाबत मात्र लोक उगाच घाबरतात. २४ बिट, ४८,००० वर एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खातो. आठ ट्रॅक तासभर चालले तरी सव्वाचार जीबीच्या आत. साधी साटा एसएसडीसुद्धा हे हसत लिहिते. महागडी, जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडी सँपल लायब्ररी पटकन उघडायला कामी येते, रेकॉर्डिंगला नव्हे. ग्राफिक्स कार्डावर एक रुपयाही घालू नका. वाचलेल्या पैशात दुसरी डिस्क घ्या आणि रोजचं काम तिच्यावर उतरवा. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असेल तर मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते. फॅट-३२ चा पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, हे बहुतेकांना स्टुडिओच्या दारात कळतं.

जुना विंडोज लॅपटॉप घेत असाल तर प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्याआधीच्या पिढ्यांवर, मोजके अपवाद सोडता, विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही.

मशिन घरी आल्यावर विंडोजवर एवढं करा. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा) टाका. एएसआयओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर म्हणजे अडीनडीची सोय आहे. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबी उपकरणं आपोआप झोपवणारी सेटिंग) बंद करा. मग लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडखळवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवा. लाल पट्टी आली तर वाय-फाय बंद करून पुन्हा बघा. बरेचदा चोर वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर असतो, आणि त्याचं खापर बिचाऱ्या प्रोसेसरवर फुटतं.

इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, स्वस्त हबला नको. हबवर वीज कमी पडली की फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) डगमगते, मध्येच इंटरफेस गायब होतो.

स्पीकरमधून ‘हंऽऽ’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा, इंटरफेस बदलून उपयोग नाही. ठाण्यातल्या जुन्या चाळी-इमारतींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असूनही आत अर्थची वायर नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर एकाच बोर्डावर जोडा. हा ‘हंऽऽ’ जावा म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच; पावसाळ्यात वीज क्षणभर डोळा मारते आणि न सेव्ह केलेला टेक जातो.

वाशी, ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागात जुलै-ऑगस्टची दमट हवा प्लगच्या पिनांना चढते आणि चरचर सुरू होते. माइक आणि केबल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला.

मशिन पसंत करायला दुकानात येताना तुमचा इंटरफेस, त्याची केबल आणि एखादा जड प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन या. तो १२८ च्या बफरवर वीस मिनिटं वाजवून, पंख्याचा आवाज कानाने ऐकून मगच बिल करा.