न्यूमोकोकसची लस आणि ‘इन्व्हेजिव’ या शब्दाचा घोळ

न्यूमोकोकस म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा एक जंतू. त्याच्या लसीचा जुना इतिहास पटकन उरकतो. १९११ ला दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीतल्या कामगारांवर पहिली मोठी चाचणी झाली, १९४५ ला अमेरिकन सैनिकांमध्ये चार सिरोटाइपची (सिरोटाइप म्हणजे या जंतूचे आवरणावरून पडलेले प्रकार) लस चांगली चालली, पण तेवढ्यात पेनिसिलिन आलं आणि लस मागे पडली. पुढे १९७७ ला १४ आणि १९८३ ला २३ सिरोटाइपची लस आली, पण ती जंतूच्या नुसत्या साखरेच्या आवरणापासून केलेली, आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर त्या साखरेला नीट दादच देत नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच उघडे राहिले.

तीच साखर प्रोटीनला जोडून केलेली ७ सिरोटाइपची लस २००० मध्ये अमेरिकेत बाळांना द्यायला लागले. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये १९९८ ला लाखामागे साधारण ९५ केसेस होत्या, २०१६ पर्यंत त्या ९ च्या आसपास आल्या. शिवाय लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्येही आजार कमी झाला, कारण हा जंतू मुलांच्या नाकाघशातून घरभर फिरतो आणि लसीने तिथलंच बिऱ्हाड मोडलं.

आता हे आकडे मोजतात कशाचे? इथेच खरा घोळ आहे. ‘आयपीडी’ म्हटलं की आपल्याला आधी ऍडमिट पेशंटचा विभाग आठवतो, इथे मात्र अर्थ इन्व्हेजिव न्यूमोकोकल डिसीज. बरेच जण ‘इन्व्हेजिव’ म्हणजे गंभीर असं धरतात, ते चूक आहे. जंतू एरवी जिथे नसायलाच हवा, म्हणजे रक्तात किंवा मेंदूमणक्याच्या पाण्यात, तिथे सापडला तरच केस धरतात. न्यूमोनियाने धापा टाकणारं मूल, छाती आत ओढतंय, ऑक्सिजन लावलाय, पण रक्तात जंतू मिळाला नाही तर ते या आकड्यात येतच नाही. आणि मिळणार कसा? रक्त काढायच्या आधीच अँटिबायोटिक गेलेलं असतं, जंतू वाढवायच्या बाटलीत चार थेंब रक्त, त्यात हा जंतू असा की वाढून थोडा वेळ गेला की स्वतःच फुटून विरघळतो. ज्या देशात साध्या तापालाही ब्लड कल्चर (हीच बाटलीची तपासणी) करतात तिथे केसेस जास्त दिसतात, आणि जिथे बाटलीच नाही तिथे कागदावर आजारच नाही! दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हे विसरलं तर सगळंच चुकतं.

म्हणून मला पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातली चाचणी फार महत्त्वाची वाटते, ९ सिरोटाइपची लस, सतरा हजारांवर मुलं, निकाल २००५ मध्ये आला. लसीतल्या सिरोटाइपचा इन्व्हेजिव आजार ७७ टक्के कमी झाला हे ठीकच, पण एक्सरेत दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्के आणि कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू १६ टक्के कमी झाले. बाटलीत जे कधी दिसलंच नसतं ते इथे दिसलं.

पुढे लसीतले सिरोटाइप हटल्यावर त्या रिकाम्या जागेत दुसरे सिरोटाइप आले. १९एफ हा सिरोटाइप ७ वाल्या लसीत होता, त्याने १९ए पण आवरेल असं वाटलं होतं, नाही आवरला, उलट अँटिबायोटिकला न जुमानणारा १९ए वाढला. २०१० च्या १३ सिरोटाइपवाल्या लसीत तो घेतला आणि तो उतरला, पण त्याच लसीतला सिरोटाइप ३ मात्र हटायला तयार नाही. इंग्लंडमध्ये ८ आणि १२एफ मोठ्यांमध्ये वाढले. तरी लहान मुलांमधली एकूण घट टिकली, हे ‘एक गेला दुसरा आला’ म्हणणारे सांगत नाहीत.

गरीब देशांत लस पोचायला नऊ-दहा वर्षं गेली, आणि कंपन्यांना खरेदीची आगाऊ हमी देऊन मिळवलेली लस २०१० च्या डिसेंबरात निकाराग्वापासून सुरू झाली. मोठ्यांसाठी १५ आणि २० सिरोटाइपच्या लसी २०२१ ला आल्या, २०२४ ला २१ ची. या शेवटच्या लसीत बाळांच्या पहिल्या लसीतले सातही सिरोटाइप मुद्दाम घेतलेले नाहीत, कारण नातवंडांच्या लसीनेच ते आजीआजोबांपर्यंत पोचणं कमी झालंय.