चुंबकाने तापणारं जेल आणि जनुकोपचार : पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि आसपासच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचे विद्यार्थी फेराइटची, म्हणजे लोह ऑक्साइड असलेल्या चुंबकीय पदार्थाची, पूड बनवत आले आहेत. धातूंची नायट्रेटं आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवायचं, अमोनियाने सामू (pH) सातवर आणायचा आणि तापवत राहायचं. द्रावण घट्ट होतं, मग आपोआप पेटतं आणि खाली चुंबकीय पूड उरते. या पुडीचा औषधाशी असलेला संबंध मात्र आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही.

तो संबंध जुना आहे. १९५७ साली अमेरिकेत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लसिकाग्रंथींत लोह ऑक्साइडचे कण पोहोचवले आणि बाहेरून वेगाने दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावून ते तापवले. उद्देश होता तिथे लपलेल्या कर्करोगाच्या पेशी मारण्याचा. पुढे याच तत्त्वावरच्या मेंदूतल्या गाठींवरील उपचाराला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

जेलची वाट वेगळी. १९६० मध्ये विख्तर्ले आणि लिम यांनी पाणी धरून ठेवणारं हायड्रोजेल मांडलं; मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आल्या. नंतर असा पॉलिमर हाती आला की त्याचं जेल सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर आकसतं आणि पाणी बाहेर टाकतं. शरीर मुळातच ३७ अंशांचं, म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्यात दुसरे घटक मिसळून हा आकडा वर नेला. आत चुंबकीय कण पेरले की बाहेरचं क्षेत्र सुरू होताच जेल तापतं, आकसतं आणि आत साठवलेलं औषध सोडतं. प्रकाश त्वचेखाली फार खोल जात नाही; चुंबकीय क्षेत्र जातं. माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद हीच.

जनुकोपचाराला, म्हणजे पेशींत जनुक पोहोचवून आजार बरा करण्याच्या पद्धतीला, असा ताबा का हवा? १९९० मध्ये चार वर्षांच्या मुलीवर पहिला अधिकृत प्रयोग झाला आणि आशा वाढल्या. १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण दगावला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने तीव्र प्रतिक्रिया दिली होती. जनुक किती, कुठे आणि केव्हा पोहोचवायचं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या वाचकांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवेल. त्या आजारासाठी २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेल्या जनुकोपचारात पेशी शरीराबाहेर काढून बदलतात. त्यात या जेलचा भाग नाही. जेलचा उपयोग जखम, कूर्चा, गाठ अशा एका जागी औषध टिकवून सोडायचं असेल तिथे अधिक.