नडगीत चाललेलं खोदकाम

ठाण्यात उपवन तलावावर सकाळी पळायला येणाऱ्यांच्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सिमेंटवर पळालीस ना, म्हणून हाड गेलं." माझ्या मावसबहिणीला गेल्या अडीच महिन्यांत हे इतक्या जणांनी ऐकवलंय की ती स्वतःच तेच म्हणायला लागली, मग मला राहवेना म्हणून लिहितेय.

तिच्या उजव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे पडून-आपटून नाही तर पुन्हा पुन्हा ताण येऊन हाडाला तडा गेला. तेव्हा बाळ ८ महिन्यांचं, २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपून बेलापूरचं ऑफिस सुरू झालेलं, रात्री दोनदा उठणं, आणि जानेवारीच्या मुंबई हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरलेला. आठवडाभर वेळच मिळायचा नाही म्हणून रविवारी एकदम १४ किलोमीटर. आधी फक्त पळताना दुखायचं, मग ठाणे स्टेशनचा जिना उतरताना, मग रात्री झोपेतसुद्धा. डॉक्टरांनी नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली नेला आणि रुपयाएवढ्या एकाच जागी ती ओरडलीच. एक्स-रे साफ होता, एमआरआयमधे सापडलं. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमधे बहुतेक वेळा काहीच दिसत नाही आणि तेवढ्यावर लोक पळत राहतात, म्हणून हे आवर्जून सांगतेय.

हे दुखणं जुनं आहे. १८५५ मधे ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब मार्च करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांबद्दल लिहिलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून ४० वर्षं होती. आणि त्या सैनिकांच्या वाटेत सिमेंटचे रस्ते नव्हते!

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. आपण हाड म्हणजे इमारतीचा पिलर समजतो, एकदा भरला की झालं. पण मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण १० टक्के भाग दरवर्षी नवा होतो. पळताना हाड किंचित वाकतं, त्यात अतिसूक्ष्म भेगा पडतात, हे अगदी नॉर्मल आहे. भेगेजवळच्या पेशी मरतात आणि त्या खुणेवर ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी येऊन तिथलं हाड विरघळवतात, केसाच्या दोन-तीन पट जाडीचा बोगदाच खणतात. त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन तो भरतात. गंमत वेळेची आहे, एका जागचं खणणं दोन-चार आठवड्यांत उरकतं पण भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात दुरुस्ती चालू असते म्हणूनच ती जागा कमकुवत असते. घोडबंदर रोडची एक लेन खोदलीय आणि गाड्या तेवढ्याच, उलट वाढल्यात, असं समजा. उरलेल्या हाडावर ताण वाढतो, नव्या भेगा, पुन्हा खोदकाम.

हाडाला ताण कळतो कसा हे तर त्याहून भारी. हाडात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी गाडल्यासारख्या असतात, त्यांचे धागे बारीक नळ्यांतून एकमेकींपर्यंत गेलेले आणि नळ्यांत द्रव. हाड वाकलं की द्रव सरकतो, पेशींना ती ओढ जाणवते, आणि त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी बनवतात. हे प्रथिन म्हणजे बांधकामाला लावलेला ब्रेक, तो सैल झाला की नवं हाड भरायला जोर येतो. (हे जड वाटलं तर एवढंच धरा, वाकणं हाच हाडाला मिळणारा निरोप.) आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की लागोपाठ २० वेळा दाब दिला की हाडाची ही संवेदना ९५ टक्क्यांहून जास्त उतरते, मग ती पूर्ववत व्हायला दिवसभराची विश्रांती लागते. माणसात आकडा नेमका तोच असेल असं नाही, पण १४ किलोमीटरमधे एकेका पायावर सातेक हजार पावलं पडतात, त्यातल्या बहुतेक पावलांचा हाड बांधायला उपयोग जवळजवळ शून्य, ताण मात्र प्रत्येक पावलाचा. म्हणून तेच अंतर आठवड्यात चार वेळा तोडून पळणं वेगळं आणि रविवारी एकदम उरकणं वेगळं.

त्यात तिचं अंगावर पाजणं चालू. दुधातून रोज साधारण २०० मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाकडे जातं आणि त्यासाठी शरीर हाडं थोडी रिकामी करतं, काही महिन्यांत ३ ते ५ टक्के घनता कमी होऊ शकते. घाबरून पाजणं थांबवायचं कारण नाही, दूध सुटलं की हे बहुतेक भरून येतं. पण नेमक्या याच काळात कमी झोप, उभ्या उभ्या दोन घास आणि रविवारचा लाँग रन, असं सगळं एकत्र आलं. सिमेंटचा वाटा यात फार छोटा असावा, कारण पळणारा माणूस जमिनीच्या कडकपणाप्रमाणे पायाची स्प्रिंग, म्हणजे पाय किती ताठ ठेवायचा ते, नकळत बदलतो.

मावशीने नजर लागली म्हणून घोट्याला काळा दोरा बांधला. मावशीची माया मला कळते, पण दोऱ्याने ऑस्टिओब्लास्टला काही समजत नाही. हाड जोडणारी म्हणून विकली जाणारी महागडी पावडरही कुणीतरी आणून दिली, आणि त्या भरवशावर तिसऱ्याच आठवड्यात ती पळायला निघाली होती, त्याचा मला जास्त राग आला. भरायला लागणारे महिने डब्यात मिळत नाहीत.

दहा आठवडे पळणं बंद, आधी पोहणं, नंतर सायकल, रात्रीचं एक उठणं नवऱ्याने घेतलं, आणि दुपारचा डबा पूर्ण खायचा हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. जानेवारीची मॅरेथॉन सोडली, त्या दिवशी रडली. परवापासून एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. काल सकाळी उठल्या उठल्या नडगीवर त्याच जागी अंगठा दाबून तिने मला मेसेज केला, "ताई, नाही दुखलं."