उपवासकाळ (ख्रिस्ती)

ईस्टरपूर्वी चाळीस दिवस पाळला जाणारा उपास, प्रार्थना आणि दानधर्माचा काळ. मराठी कॅथलिक याला प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘लेंट’ हा शब्द रुळला आहे, तर गोव्यात पोर्तुगीजवरून आलेला ‘कोरेज्म’ ऐकू येतो. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो. तेव्हापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. मधले सहा रविवार त्यातून वगळायचे, कारण रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास धरायचा नाही, ही जुनी रीत.

चाळीस हा आकडा येशूने रानात उपाशी काढलेल्या दिवसांवरून आला. त्यामागे जुन्या करारातल्या मोशेचे सीनाय पर्वतावरचे चाळीस दिवस आणि एलीया संदेष्ट्याची होरेब पर्वतापर्यंतची चाळीस दिवसांची वाटचाल आहे. पहिल्या पिढ्यांतले ख्रिस्ती आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शुक्रवारी, उपास करीत. इ.स. ३२५ च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख ओळखीची गोष्ट असावी तसा सहज येतो.

मराठी माणसाच्या मनात उपास म्हटला की साबुदाणा, वरी, शेंगदाणे, काय चालते आणि काय चालत नाही, हे सगळे उभे राहते. ख्रिस्ती उपासाची घडण वेगळी आहे. कॅथलिक चर्चमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतात. उपास म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण आणि फार तर दोनदा थोडेसे खाणे. मांसवर्ज्य म्हणजे त्या दिवशी मटण-कोंबडी नाही. १९८३ च्या चर्च-कायद्यानुसार १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाला राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपास बंधनकारक आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ व्या वर्षापासून लागू होतो. मासळीला मनाई नाही. पण वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्याच्या ताटात रोजच मासळी असते, त्याने मांसवर्ज्याच्या शुक्रवारी पापलेट खाल्ले तर नियम मोडत नाही इतकेच; जीभ काही आवरली जात नाही. म्हणून पुष्कळ घरांत नियमापलीकडे जाऊन स्वतःच्या आवडीचे काहीतरी सोडतात: कुणी दारू, कुणी चहा, कुणी मासळीसुद्धा. या दिवसांत लग्नेही शक्यतो काढत नाहीत.

याखेरीज मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) स्वीकारण्यापूर्वीचा छोटा उपास वर्षभर असतो. आता तो एका तासाचा आहे. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नसे, म्हणून मिस्सा भल्या पहाटे होत. १९५३ मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपासाची मुदत तीन तासांवर आली आणि १९६४ मध्ये एका तासावर.

उपास आणि उपासना यांची सांगड बायबलमध्येच आहे. अंत्युखियातली मंडळी प्रभूची उपासना आणि उपास करत असताना बर्णबा आणि शौल यांची कामगिरीसाठी निवड झाली, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. त्याआधी कितीतरी शतके यशया संदेष्ट्याने बजावले होते की देवाला आवडणारा उपास म्हणजे जाचलेल्यांना मोकळे करणे आणि भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे. माझ्या मते सगळ्या परंपरेतले हे सर्वांत कडक वचन आहे. वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात गेला नाही, तर त्याला उपास म्हणायलाच यशया तयार नाही. दानधर्म हा या काळाचा तिसरा पाय मानतात तो यामुळेच.

राखेच्या बुधवारचा विधी जवळून पाहण्यासारखा असतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवलेल्या असतात. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात. त्या गोळा करून जाळतात आणि ती राख वस्त्रगाळ करून वाटीत घेतात. धर्मगुरू अंगठ्याने प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात आणि माणूस माती आहे, मातीलाच मिळणार आहे, याची आठवण देतात. त्याच मिस्सामध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायातले शुभवर्तमान वाचले जाते: उपास करशील तेव्हा तोंड उतरवून फिरू नकोस, डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. कपाळावर राख घेऊन हे ऐकताना माणूस अवघडतो. चर्चने हा उतारा त्याच दिवशी ठेवला आहे, आणि ते अवघडलेपण मला मोलाचे वाटते.

उपास फक्त माणसे करत नाहीत, उपासनाही करते. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात, वेदीवरची फुले जातात, ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत म्हटला जात नाही. शुक्रवारी चौदा स्थानांची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरची प्रार्थना, होते. गुड फ्रायडेच्या आदल्या पवित्र गुरुवारी मिस्सानंतर वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी करतात, आणि गुड फ्रायडेला मिस्साच नसतो. गोव्यात या दिवसांत मोतेत ही भक्तिगीते गायिली जातात. गोवा वेल्हा येथे उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते.

प्रॉटेस्टंटांचा लेंटशी संबंध सुरुवातीला वादाचा होता. १५२२ मध्ये झुरिकमध्ये एका मुद्रकाच्या घरी ऐन उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने त्याचे उघड समर्थन केले. उपासाला त्याचा विरोध नव्हता. देवाने न घातलेले बंधन माणसांनी घालू नये, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने बुधवार-शुक्रवारचा उपास पुन्हा उचलून धरला. १९७० मध्ये नागपुरात अँग्लिकन आणि इतर परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्याच्या मराठी मंडळ्यांत आज लेंट मनापासून पाळला जातो.

गुड फ्रायडेची दुपारी बारा ते तीनची उपासना हा तिथला कळस. येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर बहुधा सात जण बोलतात, मधून मधून ‘उपासना-संगीत’ या मराठी गीतसंग्रहातली गीते होतात. त्यांत १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांची पदेही असतात. अनेक जण सकाळपासून काही न खाता येतात. ही तीन तासांची उपासना मुळात सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूमधल्या लिमा शहरात जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका धर्मगुरूने सुरू केली. कॅथलिकांकडून आलेली ही रीत मराठी प्रॉटेस्टंटांनी इतकी आपलीशी केली आहे की तिचे मूळ सहसा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पूर्वेकडील चर्चांचा उपास याहून कडक आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असते, तर केरळमधले सिरियन ख्रिस्ती पन्नास दिवसांचा ‘नोंबू’ (उपास) धरतात.

पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या बहुधा दिनदर्शिकेतला लेंट मानत नाहीत, पण त्यांच्याकडे ‘उपास-प्रार्थना’ असते, आणि ती गरजेतून ठरते. कुणाचे मूल आजारी, कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या घरात व्यसन. एखादा दिवस ठरवून माणसे सतरंजीवर बसतात, ढोलकीवर स्तवनाची गाणी होतात, मग एकेकाचे नाव घेऊन विनवणी. आजारी, गरोदर, अंगावर दूध पाजणाऱ्या बायका आणि औषधे चालू असलेल्यांनी न जेवता बसू नये, हे जाणते पाळक आधीच सांगतात. उपासाच्या बदल्यात देव काही देणे लागतो, ही समजूतही ते खोडून काढतात. संध्याकाळी शेवटच्या प्रार्थनेनंतर चहा आणि बिस्किटांवर उपास सुटतो.