'पताता' खोडून 'बताता' लिहू नये : स्पॅनिश लेबल करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

वेफर्स, बटाट्याचा कीस आणि फ्रोझन टिक्की परदेशी पाठवणारे आमचे अनेक ग्राहक लेबलचे प्रूफ परत पाठवताना त्यातील 'पताता' (स्पेनमधील स्पॅनिशमध्ये बटाटा) हा शब्द लाल पेनने खोडतात आणि शेजारी 'बताता' लिहितात. मराठी कानाला ही दुरुस्ती स्वाभाविक वाटते, कारण आपला 'बटाटा' पोर्तुगिजांकडून आलेल्या 'बताता'वरूनच घडला आहे. मात्र पोर्तुगीजमध्ये बटाट्याचे असलेले हे नाव स्पॅनिशमध्ये रताळ्याचे आहे. घटकांच्या यादीत ते छापले गेले, तर पिशवीत बटाटा आणि पिशवीवर रताळे अशी स्थिती होते.

'बताता' हा मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा शब्द असून, कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर रताळे स्पेनला पोचले तेव्हा तोही सोबत गेला. बटाटा मात्र अँडीज पर्वतातला. तेथील केचुआ भाषेत तो 'पापा', आणि स्पॅनिश लोकांची त्याच्याशी गाठ पडली ती १५३०च्या दशकात. दोन्ही कंद जमिनीखाली वाढणारे, दोन्ही समुद्रापलीकडून आलेले, त्यामुळे स्पेनमध्ये नावे एकमेकांत मिसळली आणि 'पापा'तला 'प' घेऊन 'बताता'चा 'पताता' झाला. स्पेनच्या शाही भाषा अकादमीचा कोशही हाच संकर नोंदवतो. आम्हाला हा शब्द फार प्रिय आहे, कारण दोन दूरच्या भाषा त्यात अजूनही ऐकू येतात.

ही सरमिसळ अमेरिका खंडात रुजली नाही. मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना येथे बटाटा आजही 'पापा'च आहे, आणि स्पेनच्याच कॅनरी बेटांवरही लोक तसेच म्हणतात. मेक्सिको आणि पेरूमध्ये रताळ्याला तर 'कमोते' हे निराळेच नाव आहे. म्हणूनच दर सांगण्यापूर्वी आम्ही माल कोणत्या देशात जाणार हे विचारतो. काही ग्राहकांना ही चौकशी अनावश्यक वाटते, पण या एका उत्तरावर लेबलमधील पहिलाच शब्द ठरतो.

मागील हंगामात एका ग्राहकाने आम्ही दिलेल्या अंतिम फाइलमध्ये परस्पर 'बताता' केले. चूक छपाईनंतर लक्षात आली आणि सर्व पिशव्या पुन्हा छापाव्या लागल्या. शंका आल्यास शब्द न बदलता समासात प्रश्नचिन्ह करून प्रूफ आमच्याकडे पाठवावे. छपाईपूर्वीची एक तपासणी आमच्या दरातच धरलेली असते, तिचे वेगळे शुल्क आकारले जात नाही.