गाडी रिव्हर्स घेऊन लावणे

मोटारगाडी मागे घेत मोकळ्या जागेत अशी लावणे, की तिचे तोंड रस्त्याकडे राहील, या पद्धतीला रिव्हर्स पार्किंग म्हणतात. लावताना थोडा वेळ जास्त जातो. मात्र सरळ आत घातलेली गाडी काढताना चालकाला वाहत्या रस्त्यावर पाठमोरे यावे लागते, तो धोका येथे टळतो. 16 रस्ते एकत्र येणाऱ्या लातूरच्या गंजगोलाईत हा फरक लगेच जाणवतो.

स्टिअरिंगने पुढचीच चाके वळत असल्यामुळे मागे जाताना गाडीचा मागचा भाग जागेत आधी शिरतो, आणि नाक विरुद्ध बाजूला बरेच बाहेर फिरते. नवशिक्यांचे लक्ष मागच्या बंपरवर खिळते आणि पुढचा कोपरा शेजारच्या दुचाकीच्या हँडलला घासतो. डावीकडच्या, रस्त्याला काटकोनात असलेल्या जागेत शिरायचे असल्यास रांगेपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवून पुढे जावे, नाक किंचित उजवीकडे करून थांबावे, मग हाफ क्लचवर, गाडी जेमतेम सरकेल इतक्याच वेगाने, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवावे. डाव्या आरशात शेजारची गाडी व आपले मागचे चाक यांतील फट दिसत राहिली पाहिजे. गाडी शेजारच्या गाडीला समांतर झाली की चाके सरळ करावीत. फट मिटू लागली, तर गाडी पुढे घेऊन पुन्हा मागे घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

मदतीला उभ्या राहिलेल्या माणसाचे ‘येऊ द्या, येऊ द्या… बस!’ उपयोगी पडते, पण तो गाडीच्या थेट मागे नव्हे, तर चालकाला आरशात दिसेल अशा बाजूला उभा हवा; दिसेनासा होताच गाडी थांबवावी. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर बंधनकारक आहेत. तरी बारीक खांब, बुटका दगड किंवा उघडे गटार त्यांना हमखास कळतेच असे नाही, आणि धुळीने माखलेला कॅमेरा नसल्यासारखाच. त्यामुळे बसण्यापूर्वी गाडीमागे एक फेरी मारणे, विशेषतः लहान मुले खेळत असलेल्या गल्लीत, अपरिहार्य ठरते.

मराठवाड्यातील काळ्या मातीमुळे या पद्धतीला आणखी एक कारण मिळते. पावसाळ्यात डांबराच्या कडेची माती वरून कोरडी दिसली तरी आत चिकट असते आणि चाक रुतले की जागीच फिरत राहते. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणून गाडी मागे घेत लावली आणि पुढची चाके डांबरावर राहू दिली, तर ती सहसा स्वतःच्या बळावर बाहेर येते. मात्र पुढची चाके डांबरावर असली तरी गाडीचे नाक वाहतुकीच्या पट्ट्यात राहता कामा नये. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या पिकअपसारख्या वाहनांना हा हिशेब उलटा लागू होतो.