होडीवरची दुपारची जादा वीज : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मार्च लागला की आमच्या वर्कशॉपला एक फोन ठरलेला. "दहा वाजता साठ अँपिअर येत होते, आता बारा वाजता चार दाखवतंय. पॅनल गेलं का हो?"

सोलर पॅनल गेलेलं नसतं, बॅटरी भरलेली असते. बॅटरी भरली की कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) फ्लोटवर, म्हणजे बॅटरी नुसती भरलेली राखण्याच्या टप्प्यावर, जातो आणि होडीवर त्या घडीला जेवढं काही चालू आहे तेवढीच वीज पॅनलकडून घेतो. बाकीची वीज कुठे साठत नाही आणि कुठे जळतही नाही. ती तयारच होत नाही. पॅनल थोडं जास्त तापतं, इतकंच. म्हणून पॅनलवर ताडपत्री टाकू नका. (टाकणारे भेटले आहेत.)

समजा खाडीत नांगरलेल्या हाउसबोटीवर ३३० वॅटची चार पॅनलं आहेत. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी ती साधारण ५ युनिट वीज देऊ शकतात. बारा व्होल्टचा फ्रीज, चार पंखे, दिवे, पाण्याचा पंप आणि सगळ्यांचे मोबाइल धरून दिवसाचा खर्च अडीच युनिटांच्या आसपास जातो. म्हणजे जवळजवळ निम्मी वीज न घेताच राहते.

मग दुसरी बॅटरी घ्यावी का? बॅटऱ्या आम्ही विकतो, तरी सांगतो, बहुतेकांना नको. उद्याही ऊन पडणारच आहे आणि दुसरी बॅटरीही एकदोन दिवसांत अशीच दुपारी भरून बसेल. पहाटेपर्यंत बॅटरी पुरत नसेल, फ्रीज मध्येच बंद पडत असेल, तरच विचार करा. नाहीतर रात्रीची कामं दुपारवर आणा. त्याला पैसे लागत नाहीत.

भात-आमटीचा कुकर साडेबारालाच इंडक्शनवर चढवा. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो होडीच्या तळात साचून राहतो, तेव्हा सिलिंडर जितका कमी वापराल तितकं बरं. मात्र १५०० वॅटची शेगडी इन्व्हर्टरमार्फत बॅटरीकडून सुमारे १३० अँपिअर ओढते. तुमची केबल आणि फ्यूज तेवढ्याचे आहेत का, हे आम्हाला विचारल्याशिवाय शेगडी आणू नका.

फ्रीजरमध्ये दुपारी पाण्याच्या बाटल्या ठेवा, काठोकाठ न भरता. साध्या ५ लिटर पाण्याचा बर्फ होताना त्यातून ०.६ युनिटभर उष्णता बाहेर जाते. रात्री त्याच बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सरकवल्या की कॉम्प्रेसर बराच वेळ गप्प राहतो. सगळ्यात स्वस्त बॅटरी हीच.

आता गरम पाणी. २० लिटर पाणी २८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिट लागतं. टाकीत ३०० वॅटचं बारा व्होल्टचं एलिमेंट असलं तर अडीच तासांचं काम. ते हाताने चालू-बंद करायची गरज नाही. बॅटरी मॉनिटरच्या रिलेवर (विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) आम्ही ते जोडून देतो : बॅटरी ९५ टक्क्यांवर गेली की चालू, ८५ वर आली की बंद. लिथियम बॅटरीत हे व्होल्टवरून ठरवू नये. तिचे व्होल्ट मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाहीत, म्हणून शंट (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारी पट्टी) असलेला मॉनिटर हवाच.

इथे आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका जोडणीत आम्ही घरच्या गीझरचा थर्मोस्टॅट सरळ बॅटरीच्या डीसी लाइनवर बसवला. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. डीसीत ती इतक्या सहज विझत नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले आणि टाकीतलं पाणी उकळायला लागलं. सेफ्टी व्हॉल्व्ह होता म्हणून निभावलं. आता थर्मोस्टॅट फक्त रिलेला हुकूम देतो आणि २५ अँपिअर तोडायचं काम डीसीसाठीच बनवलेला रिले करतो. बाजारातून एलिमेंट आणून स्वतः लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. आणि टाकी रिकामी असताना ते चालू करू नका.

वर म्हटलं ते फक्त सोलरचं. पवनचक्की असेल तर गोष्ट उलटी. बॅटरी भरली म्हणून तिची वायर काढलीत तर पात्यांना अडवणारं काही उरत नाही आणि ती वाऱ्याबरोबर बेफाम फिरतात. तिच्या जादा विजेला डम्प लोड, म्हणजे वीज जिरवणारा रेझिस्टर, लागतोच आणि तो चक्कीची पूर्ण ताकद पेलणारा हवा. तो चांगलाच तापतो. त्याच्याजवळ दोरखंड, जाळी, कपडे ठेवू नका.

इंजिनाचा अल्टरनेटरही तसाच. इंजिन चालू असताना लिथियम बॅटरीच्या बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटने) अचानक जोड तोडली तर व्होल्ट उसळतात आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवा. जुन्या लेड-ॲसिडच्या जागी नुसती लिथियम ठेवून मोकळं होऊ नका.

जेट्टीवरच्या लाइटच्या जोडणीत आपली जादा वीज उलटी सोडायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

पावसाळ्यात होडी काठावर ओढून शाकारता तेव्हा लिथियम बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून सगळे लोड तोडा. पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवलेली लिथियम लवकर म्हातारी होते. लेड-ॲसिडला मात्र भरलेलंच राहायला आवडतं, तिला महिन्यातून एकदा चार्ज द्या. तोडताना आधी पॅनल, मग बॅटरी. होडी पुन्हा पाण्यात सोडताना उलट : कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, दिवा लागलेला पाहा, मगच पॅनलची पिन घाला.